रविवारी बंद

लोक त्याला तोंडावर मिस्त्री म्हणायचे आणि पाठीमागे 'रविवारबंद'. नाव चेष्टेने पडलं होतं, पण खोटं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस सोमवार ते शनिवार म्हणाल तेव्हा हजर. पहाटे बोलवा, जेवता जेवता बोलवा, तापाने फणफणलेला असला तरी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून येणार. पण रविवारी? नाव काढू नका. दुकानाच्या पाटीवर, पावतीवर, सगळीकडे ठळक लिहिलेलं: रविवारी बंद. एकदा एक वकील सामानाच्या चार बॅगा घेऊन बंद लिफ्टसमोर उभा राहिला आणि फोनवर चिडून म्हणाला, "अहो, तुमचा देव काय रविवारी जिने मोजायला येतो का?" मिस्त्री शांतपणे म्हणाला, "नाही साहेब. रविवारी आम्हीच त्याच्याकडे जातो." वकिलाने चारही बॅगा स्वतः वर नेल्या, आणि पुढे सगळ्यांना हा किस्सा हसून सांगितला.

या नियमामागे कारण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, लेकीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, मिस्त्री एका कारखान्यात लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. मालक म्हणाला होता तासाभराचं काम आहे. तासाचे पाच तास झाले. तिकडे बायको तान्हं लेकरू घेऊन सगळ्या मंडळीपुढे एकटी उभी राहिली. पाळकांनी "बाळाचे वडील?" असं विचारलं तेव्हा खाली मान घालून "कामावर" म्हणाली. हा ग्रीसने माखलेल्या हातांनी धावत पोचला तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला आणि देवाला शब्द दिला.

आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. चांगलंच आहे. म्हणून तर ही गोष्ट सांगताना जीव जड होतो. व्यसनापायी कुणी चुकला तर सांगणारा मोकळा असतो, चार शिव्या घालतो आणि पुढे जातो. इथे शिव्या घालायच्या कुणाला? एवढंच म्हणता येईल की पहिली काही वर्षं तो नियम लेकीसाठी होता, मग तो सवयीचा झाला, आणि कधीतरी चार लोकांनी बघावं म्हणूनही झाला. मिस्त्रीला ते कळलं नाही. आपल्या तोंडाचा वास आपल्याला कुठे येतो!

त्या रविवारी सकाळी साडेआठला तो आरशासमोर शर्टाची बटणं लावत होता. नऊच्या उपासनेत बायबलमधलं वचन वाचायची पाळी त्याची होती. शिवाय दुपारी मंडळीची वर्षाची कृतज्ञता सभा होती आणि पाळकांनी त्याला साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांपुढे आपला अनुभव बोलून दाखवायला, सांगितलं होतं. विषय होता प्रभूचा दिवस पाळणे. मिस्त्री बोलणारा माणूस नव्हे. आठ दिवस तो पाना-पक्कड हातात घेऊन मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"मिस्त्री, मी सर बोलतोय. आज तुमचा रविवार, माहीत आहे मला. माफ करा हं."

हे सर म्हणजे जुन्या सहा मजली इमारतीत अगदी वर राहणारे गणिताचे निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. बायको रोज संध्याकाळी खुर्ची ढकलत त्यांना लिफ्टने खाली आणायची आणि फाटकाजवळच्या बाकाशी दोघं बसायची. तीच बायको आता नऊ दिवस इस्पितळात होती. मिस्त्रीला हे माहीत होतं. बुधवारच्या प्रार्थनेत त्याने स्वतः उठून तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं.

"बोला ना सर."

"लिफ्ट बंद पडलीय. आमच्याच मजल्यावर उभी आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, दार लावलं की मात्र ढिम्म हलत नाही."

मिस्त्रीला तिथेच कळलं. सहाव्या मजल्याच्या दारातली पितळी पट्टी. दार नीट लागलंय हे यंत्राला तिच्यामुळे समजतं. ती मळली किंवा वाकली की यंत्र जागचं हलत नाही. पट्टी घासायची, सरळ करायची, झालं काम. दुसरा कुणी त्या म्हाताऱ्या यंत्राला हात लावायला यायचा नाही, हेही त्याला माहीत होतं.

"तिला बघायला जायचं होतं," सर म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, आज येऊन जा."

"कशा आहेत त्या?"

"आहे. थकलीय फार." मग सर हळूच म्हणाले, "आज अगदीच नाही का जमणार?"

'येतो' हा शब्द मिस्त्रीच्या ओठांवर आला होता. खरंच आला होता, पुढे बायकोला त्याने शपथेवर सांगितलं. पण समोर घड्याळ होतं, खुर्चीवर इस्त्रीचा कोट होता, आणि खिशात साक्षीचा घडी घातलेला कागद. रविवारी काम करून त्याच दिवशी रविवार पाळण्यावर बोलायचं? लोक काय म्हणतील? आणि देवाला दिलेला शब्द?

"सर, रविवार आहे हो," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांत एकदाही पिशवी उघडली नाही. उद्या सकाळी सहाला पहिलं काम तुमचं."

"हो हो. नियम म्हणजे नियम. मी तरी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला होता?" सर हसले. उगीचच हसले. "बरं, ठेवतो."

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"जा की मग."

"कुठे जा? आज वार कोणता?"

"वार मला नका सांगू. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ आहे, विश्रांतीचा वार आहे म्हणून कुणी काठावर बसून राहतं का? प्रभूनेच विचारलंय ना हे?"

"लिफ्ट विहिरीत पडलेली नाही. वर उभी आहे, सहाव्या मजल्यावर."

"सर अडकलेत ना पण!"

"अगं, एकदा दार उघडलं की उघडंच राहतं. आज सर, पुढच्या रविवारी वकील. आणि तूच ना त्या दिवशी एकटी उभी होतीस? विसरलीस?"

यावर ती गप्प झाली. दुखऱ्या जागी बोट ठेवलं की माणूस गप्प होतोच, आणि आपल्याला वाटतं त्याला पटलं. कोट त्याच्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "उभी होते, हो. पण माझं लेकरू माझ्या कडेवर होतं."

उपासनेत मिस्त्रीने वचन वाचलं. आवाज खणखणीत लागला. दुपारी सगळे मिळून जेवले, आणि चार वाजता मोठ्या खोलीत सभा सुरू झाली. मिस्त्रीने पुढे जाऊन पहिली दोन वाक्यं कागदात बघून अडखळत वाचली, पण लेकीच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सुरू केली आणि तो सावरला. माखलेले हात, आवरलेल्या खुर्च्या, बायकोची खाली गेलेली मान. बायकांनी डोळे टिपले. पुढच्या रांगेतले म्हातारे मान हलवू लागले.

तिथेच थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण समोर दीडशे माणसं आपल्याकडे बघताहेत, डोळे पुसताहेत, अशा वेळी जीभ आवरणारा विरळा. मिस्त्रीने कागद खिशात घातला आणि म्हणाला, "लांब कशाला जाता, आज सकाळचीच गोष्ट. एका घरून फोन आला. म्हणे लिफ्ट बंद आहे, आत्ताच्या आत्ता या. मी म्हटलं, माफ करा, आज मी दुसऱ्या धन्याच्या कामावर आहे."

"आमेन!" मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं. मग सगळेच म्हणाले. टाळ्या पडल्या. मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौथ्या रांगेत त्याची बायको मात्र मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती.

सरांचं नाव त्याने घेतलं नाही, हे ठीकच. पण इस्पितळाचाही उल्लेख केला नाही. विसरला म्हणावं तर विसरला नव्हता. ते सांगितलं असतं तर साक्ष जमली नसती. जागेवर येऊन बसताना त्याने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, अजून किती जण बोलायचे आहेत याचा अंदाज घ्यायला. पाच वाजायला पंचवीस मिनिटं कमी होती.

सोमवारी सकाळी पावणेसहालाच मिस्त्री त्या इमारतीखाली हजर. शब्दाचा पक्का माणूस. वॉचमन खुर्चीत बसला होता, त्याने मान वर केली नाही.

"सर उठलेत का?" मिस्त्रीने विचारलं.

"झोपलेत कधी ते उठायला?" वॉचमन म्हणाला. "बाई गेल्या. काल."

मिस्त्रीने पिशवी खाली ठेवली.

मग वॉचमनने सगळं सांगितलं. ओरडून नाही, सपाट आवाजात सांगितलं, आणि तेच वाईट होतं. दुपारी सरांनी त्याला वर बोलावलं. म्हणाले, मला पाठीवर घे. सर अंगाने दणकट. तीन पायऱ्यांवरच दोघांचा तोल गेला, पडता पडता वाचले. इमारतीत रविवारी बाप्या माणूस नाही, जो तो बाहेर गेलेला. पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा, ते स्वतःच काठी टेकत चालणारे. तेव्हा सर म्हणाले, ठीक आहे, मी बसून उतरतो. आणि उतरू लागले. उजव्या हाताने कठडा धरायचा, अंग एक पायरी खाली सोडायचं, डावा पाय हाताने उचलून पुढे ठेवायचा, दम घ्यायचा. मग पुढची पायरी. प्रत्येक पायरी मोजत होते. वॉचमन घडी केलेली खुर्ची घेऊन त्यांच्या पुढे पुढे. असे अडीच मजले उतरले. चौथा आणि तिसरा मजला यांच्यामध्ये हात गेला, कठडा धरवेना. तिथेच बसले असताना इस्पितळातून फोन आला.

"किती वाजता?" मिस्त्रीने विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"साडेचार होऊन गेले होते. संध्याकाळी इमारतीतली चार माणसं घरी परतली, त्यांनी खुर्चीसकट उचललं. खाली नेऊ का म्हणाले, तर सर म्हणाले, आता घाई नाही, वर न्या."

मिस्त्री सहा मजले जिन्याने चढला. चौथ्या आणि तिसऱ्यामधल्या जागेवरून जाताना त्याने भिंतीला अंग घासून घेतलं, मधोमध पाय ठेवला नाही. वर लिफ्टचं दार उघडलं. पट्टीच होती. वाकलेली, वर काजळी. घासली, सरळ केली, दार चार वेळा लावून बघितलं. कामाच्या कागदावर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची त्याची शिस्त होती. सहा वाजून पाच. सहा वाजून पंचवीस. लिहिलेले आकडे बघत तो पायरीवर बसून राहिला.

नऊ वाजता सर खाली निघाले, बायकोला निरोप द्यायला. लिफ्टमध्ये खुर्ची आणि एकच माणूस मावायचा. रात्री आलेला सरांचा भाचा जिन्याने गेला आणि खुर्चीमागे मिस्त्री उभा राहिला. मजल्यांचे आकडे एकेक करून उतरत गेले.

"आवाज नाही करत आता," सर म्हणाले.

"नाही सर."

"थँक्यू, मिस्त्री."

बस, एवढंच. दोन शिव्या घातल्या असत्या तर मिस्त्रीने त्या डोक्यावर घेऊन वर्षभर वागवल्या असत्या.

मंगळवारी तो पाळकांकडे गेला. पाळक भला माणूस. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"माहीत होतं, पाळकसाहेब. इस्पितळ माहीत होतं. वीस मिनिटांचं काम आहे, तेही माहीत होतं."

"पण त्या त्याच दिवशी जातील, हे तर नव्हतं ना? देवाची इच्छा आपल्याला..."

"देवाची इच्छा मला फोन करत होती," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज चढला, जन्मात पहिल्यांदा पाळकांसमोर चढला. "सकाळी साडेआठला. मी तिला उद्या सकाळी सहाची वेळ दिली."

पाळकांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. दोघांनी प्रार्थना केली. मिस्त्रीच्या तोंडून फक्त शेवटचं आमेन निघालं, आणि ते म्हणतानाही त्याला सभेतलं आमेन ऐकू आलं.

घरी बायकोने ताट वाढलं, ते तसंच राहिलं. "पाळकांना सांगून काय होणार?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं दुःख होतं. "ज्यांचं गेलं त्यांना जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"जे झालं ते. गाळलंत तेही."

गुरुवारी संध्याकाळी तो गेला. सहाव्या मजल्यावरचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत खिडकीशी सर बसले होते, समोर टेबलावर औषधांच्या रिकाम्या डब्या, बाईंचा चष्मा, इस्पितळातून आणलेली पिशवी अजून तशीच बांधलेली. मिस्त्री उभाच राहिला.

"सर, मला काही सांगायचंय."

"सांगा."

त्याने सांगितलं. साक्षीचं, टाळ्यांचं, दुसऱ्या धन्याचं. इस्पितळाचं नाव मुद्दाम गाळलं तेही. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. सर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "मिस्त्री, काम किती वेळाचं होतं हो?"

इथे मिस्त्रीला खोटं बोलावंसं वाटलं. अर्धा दिवस लागला असता म्हणावं, सुटा भाग मिळालाच नसता म्हणावं. म्हाताऱ्याला तेवढाच दिलासा. पण तो दिलासा म्हाताऱ्याला होता की स्वतःला, हे त्याचं त्याला कळेना.

"वीस मिनिटं," तो म्हणाला.

सरांनी डोळे मिटले. जन्मभराची सवय, ती कुठे जाणार? "म्हणजे सव्वानऊपर्यंत झालं असतं," ते हळूहळू म्हणाले. "पंधरा मिनिटांचा रस्ता. साडेनऊला मी तिच्याजवळ. फोन आला चार पस्तीसला. सात तास पाच मिनिटं."

मिस्त्रीचे खांदे हलू लागले. तो रडत होता. तोंडावर हात धरून, आवाज न करता.

"बसा," सर म्हणाले. "बसा हो. मीही एक सांगतो. मीही त्या दिवशी खोटं बोललो. अकराला तिचा फोन आला होता. नर्सने कानाशी धरला होता. विचारत होती, निघालात का? उद्या येतो असं तिला कसं सांगणार? म्हटलं, मिस्त्री आलाय, काम चालू आहे, झालं की निघालोच."

सरांनी टेबलावरचा चष्मा सरळ करून ठेवला.

"ती म्हणाली, 'रविवारचा आला बिचारा! चहा विचारलात का त्याला?' मी म्हटलं, हो, दिलाय. मग तिला झोप लागली. पुढे बोलली नाही ती. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही."

"सर..."

"तिला दोन गोष्टी खोट्या सांगितल्या मी. पहिली तर आता खरी व्हायची नाही." सरांनी उजव्या हाताने खुर्चीचं चाक फिरवलं आणि स्वयंपाकघराकडे वळले. "दुसरी होईल. बसा तुम्ही."

मिस्त्री मदतीला उठला तर आतून आवाज आला, "बसा म्हटलं ना!" तो बसला. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, नळ सुटला, काडी दोनदा विझली. एका हाताने चहा करायला फार वेळ लागतो. मिस्त्री बाईंच्या चष्म्यासमोर बसून ऐकत राहिला. शेवटी मांडीवर ताटली, ताटलीत कप, आणि अर्धा चहा ताटलीत सांडलेला, असे सर बाहेर आले.

मिस्त्रीने कप दोन्ही हातांनी घेतला. साखर घालायची राहून गेली होती, चहा कडू झाला होता.

"बरा झालाय का?" सरांनी विचारलं.

"छान झालाय, सर," मिस्त्री म्हणाला, आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याला.